खेळाचा वाटा आणि कारभाऱ्याचा वाटा

इतिहास म्हटला की प्रथम डोळ्यांपुढे येतात त्या लढाया, तह आणि सनदा. वसंत ऋतूतील सायंकाळी जमलेल्या श्रोत्यांपुढे इतिहास म्हणून जर कोणी मुलांच्या गेमच्या यंत्रांची हकीकत सांगू लागला, तर पुष्कळांच्या भुवया वर जातील याची आम्हांस कल्पना आहे. तथापि इतिहासाचे एक मुख्य सूत्र वाटणी हे आहे. कोणास किती मिळाले, कोणी दिले, कोणत्या भरवशावर दिले आणि दिलेले पुढे परत घेता आले की नाही, हे प्रश्न राज्यांच्या इतिहासात नाना भानगडींनी झाकोळून जातात. गेमच्या यंत्रात ते उघडे पडतात. तेथे वाटावयाची वस्तू एकच, ती मोजून घेता येते, आणि हक्कदारही दोनच. म्हणून या सुमारे पन्नास वर्षांच्या छोट्या इतिहासाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

ती वस्तू म्हणजे यंत्राची स्मृती, व्यवहारात जिला मेमरी म्हणतात ती. हक्कदारांपैकी एक म्हणजे प्रत्यक्ष गेम. दुसरा म्हणजे यंत्राची स्वतःची व्यवस्था पाहणारी प्रणाली, जिला सिस्टिम सॉफ्टवेअर असे नाव आहे. आम्ही तिला सोयीसाठी कारभारी म्हणू. गेम हा पाहुणा, आज हा तर उद्या तो. कारभारी मात्र घरचा. वीज सुरू झाली की तो जागा होतो, चकती वाचून देतो, खेळाची प्रगती नोंदवून ठेवतो, निरोप आणतो. पाहुण्याला दिवाणखाना किती द्यावा आणि कारभाऱ्याने आपल्यासाठी किती खोल्या राखाव्यात, हाच आमचा विषय.

पोथी आणि पाटी

पुढील गोष्ट समजण्यास स्मृतीचे दोन प्रकार ध्यानात ठेवले पाहिजेत. एक पोथीसारखी: कारखान्यात एकदा लिहिली की लिहिली, वाचता येते पण खोडता येत नाही. दुसरी पाटीसारखी: लिहावे, पुसावे, पुन्हा लिहावे, आणि वीज गेली की सारे पुसले जाते. वाटणीचा तंटा आहे तो या पाटीचा. माप म्हणाल तर सर्वांत लहान व्यावहारिक माप बाइट. १०२४ बाइटांचा एक किलोबाइट, १०२४ किलोबाइटांचा एक मेगाबाइट आणि १०२४ मेगाबाइटांचा एक गिगाबाइट.

१९७७ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने जे यंत्र बाजारात आणले आणि जे पुढे अटारी २६०० या नावाने प्रसिद्धीस आले, त्याची पाटी होती अवघी १२८ बाइटांची. आजच्या प्रचलित पद्धतीने देवनागरी मजकूर साठवू गेल्यास एका अक्षरचिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे त्या पाटीवर जेमतेम ४२ चिन्हे मावली असती! एवढ्या जागेत खेळाडू कोठे आहे, शत्रू कोठे आहे, गुण किती झाले, हे सारे बसवावयाचे. संपूर्ण चित्र साठवावयास तर जागाच नव्हती. म्हणून टीव्हीच्या पडद्यावर किरण एकेक ओळ काढीत असता, त्याच वेळी त्या ओळीत काय दिसावे हे प्रोग्रॅम ठरवीत असे. अशा घरात कारभारी ठेवणार कोठे? त्या यंत्रात कारभारी नव्हताच. कॅसेट घातली की यंत्राचा सर्वाधिकार त्या कॅसेटीकडे जाई.

जपानात १९८३ साली निघालेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रातही हीच रीत होती. आपल्याकडे १९९० नंतर घरोघर जे टीव्ही गेम दिसू लागले, त्यांतील पुष्कळसे याच फॅमिकॉमच्या नकला होत. या यंत्राची कामाची पाटी २ किलोबाइटांची, आणि चित्रासाठी वेगळी २ किलोबाइटांची. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम मात्र ४० किलोबाइटांचा होता. दोनच्या पाटीवर चाळीस मावले कसे? उत्तर असे की तो पाटीवर उतरवावाच लागत नसे. यंत्र थेट कॅसेटीतील पोथी वाची आणि पाटीवर फक्त बदलत्या गोष्टींची टिपणे ठेवी. कॅसेट घालताच खेळ तत्काळ सुरू होई तो यामुळेच. त्या काळी वाटणीचा तंटा नव्हता याचे कारण कोणी उदार होते हे नव्हे. दुसरा हक्कदार जन्मासच आलेला नव्हता, एवढेच.

चकती आली आणि कारभारी आला

ही व्यवस्था मोडली ती सीडीमुळे. चकतीवर शेकडो मेगाबाइटांचा मजकूर स्वस्तात मावू लागला. परंतु चकती ही थेट वाचीत बसण्याजोगी पोथी नव्हे. तिच्यावरील मजकूर हवा तेव्हा शोधून प्रथम पाटीवर उतरवून घ्यावा लागतो. त्यामुळे पाटी मोठी करणे भाग पडले, आणि चकती कशी फिरवावी, मजकूर कोठून उचलावा, हे जाणणारा कोणीतरी यंत्रातच असणे भाग पडले.

सोनीचे पहिले प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानात विक्रीस आले. त्याची मुख्य पाटी २ मेगाबाइटांची होती, आणि तिच्या आरंभीचे ६४ किलोबाइट कारभाऱ्यासाठी राखलेले होते. गेमचा मजकूर त्यानंतरच्या जागेपासून सुरू व्हावयाचा. हिशेब केला तर हा वाटा एक-बत्तिसांश होतो. २००० सालच्या प्लेस्टेशन २ ची मुख्य पाटी ३२ मेगाबाइटांची झाली, तेव्हा कारभाऱ्याकडे पहिला १ मेगाबाइट राहिला. पुन्हा तोच एक-बत्तिसांश! सेगाच्या १९९८ सालच्या ड्रीमकास्टने तर १६ मेगाबाइटांपैकी ६४ किलोबाइटांवरच भागविले.

या काळातील कारभारी मोठा विनयशील होता. चकती नसता यंत्र सुरू केले तर तो बाहेर येई, गाणी लावून देई, साठविलेल्या खेळांची यादी दाखवी. परंतु गेम सुरू झाला की आपला सारा पसारा आवरून तो कोपऱ्यातील खोलीत जाऊन बसे. गेम चालू असता त्याच्याशी बोलावयाचे झाल्यास गेम सोडूनच जावे लागे. खेळणाऱ्यासही त्याचे काही वाटत नसे, कारण कारभाऱ्याशी बोलण्यासारखे काही नव्हतेच.

दारावर निरोप्या

हे बोलण्याचे निमित्त आणले ते इंटरनेटने. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सवर नोव्हेंबर २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह ही सेवा सुरू झाली, आणि दूरदूरचे खेळाडू एकमेकांशी बोलत खेळू लागले. या यंत्राची पाटी ६४ मेगाबाइटांची होती, पण गेम चालू असता यंत्राचा मुख्य दर्शनी पडदा स्मृतीत राहत नसे. त्यामुळे मित्रांची यादी, निमंत्रणे आणि बोलणे ही सारी सोय प्रत्येक गेमने आपल्या वाट्यातून, आपल्या पद्धतीने करावयाची. एकाच वाड्यात दहा बिऱ्हाडांनी दहा आड खणावेत तसला हा प्रकार. शिवाय एका गेममधील माणसाला दुसऱ्या गेममधील माणसाशी बोलावयाचे असेल, तर ते कोणाच्याच आवाक्यातले नव्हते.

या अनुभवाचा धडा मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये गिरविला. प्रथम या यंत्राची स्मृती २५६ मेगाबाइट ठेवण्याचा विचार होता. एपिक गेम्ससारख्या गेमकर्त्यांनी आग्रह धरला म्हणून ती ५१२ झाली. या ५१२ पैकी ३२ मेगाबाइट कारभाऱ्यासाठी कायमचे राखून ठेवण्यात आले, आणि त्यांस कोणत्याही गेमने हात लावावयाचा नाही असा नियम झाला. प्रमाण पूर्वीच्या दुप्पट, म्हणजे एक-सोळांश. कोणत्याही गेमच्या मध्ये एक बटण दाबावे आणि मित्रांची यादी, निरोप, स्वतःची गाणी समोर यावीत, ही सोय त्या ३२ मेगाबाइटांतून झाली.

पुढे नोव्हेंबर २००८ मध्ये याच यंत्रावर आठ जणांची बैठक सुरू झाली. आठही जण आठ वेगळे गेम खेळत असले तरी एकत्र बोलू शकत. ही सोय यंत्र विक्रीस आले तेव्हा नव्हती. तीन वर्षांनी ती आली, आणि गेमच्या वाट्यातील एक बाइटही न मागता आली. २००५ साली मोकळ्या ठेवलेल्या जागेने २००८ साली अन्न दिले.

दिलेले परत मिळत नाही

आता या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरणाकडे येऊ. सोनीचे प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये आले. स्मृती एकूण तेवढीच, ५१२ मेगाबाइट. मात्र २५६ मुख्य आणि २५६ चित्रासाठी अशी दोन दालनांत विभागलेली. आरंभी सोनीच्या कारभाऱ्याने मायक्रोसॉफ्टच्या ३२ पेक्षा अधिक जागा अडविली होती. गेमकर्त्यांची तक्रार रास्त होती. तोच गेम दोन्ही यंत्रांसाठी करावयाचा, आणि एका यंत्रावर जागा कमी! म्हणून सोनीने आपल्या कारभाऱ्याचा पसारा हळूहळू कमी केला, आणि वाचलेली जागा वेळोवेळी गेमकर्त्यांच्या स्वाधीन केली. त्या क्षणी हा निर्णय सर्वांनाच शहाणपणाचा वाटला असेल यात शंका नाही.

परंतु खेळणाऱ्यांच्या गरजा वाढत होत्या. गेम चालू ठेवून यंत्राची मुख्य यादी उघडण्याची सोय प्लेस्टेशन ३ वर जुलै २००८ मध्ये आली. तीही पहिल्या झटक्यात नीट बसली नाही. काही यंत्रे सुरूच होईनात, म्हणून ती आवृत्ती मागे घेऊन दुरुस्त करून पुन्हा द्यावी लागली. मग लोक वेगवेगळे गेम खेळताना एकत्र बोलण्याची सोय मागू लागले. शेजारच्या यंत्रावर ती आहे, मग आम्हांस का नाही? वर्षे लोटली, उत्तर आले नाही. अखेर २०११ साली सोनीच्या गेम-विभागाचे प्रमुख शुहेइ योशिदा यांनी कारण उघड सांगितले. अडचण स्मृतीची आहे. जी जागा एकदा गेमकर्त्यांना दिली ती परत घेता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ती सोय प्लेस्टेशन ३ वर शेवटपर्यंत आली नाही.

परत का घेता येऊ नये? येथे घरच्या संगणकाचा दाखला कोणी देईल. संगणकास जागा कमी पडली तर तो पाटीवरचा काही मजकूर डिस्कवर हलवितो, थोडा अडखळतो, आणि पुढे चालतो. पत्रलेखनात अर्धा सेकंद अडखळले तर बिघडत नाही. गेमला मात्र सेकंदास ३० किंवा ६० चित्रे काढावयाची असतात. साठांच्या हिशेबाने एका चित्रास सेकंदाचा साठावा भाग मिळतो. तेवढ्यात डिस्ककडे जाऊन येणे परवडत नाही. म्हणून कन्सोलवरील गेमला सांगितलेली जागा ही खरोखरीची आणि कायमची असावी लागते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. कन्सोलचा सारा व्यवहार एका अभिवचनावर उभा असतो: हे यंत्र आज जसे आहे तसेच ते पाच-सात वर्षे राहील. गेमकर्ता त्या अभिवचनावर विसंबून शेवटचा किलोबाइटही हिशेबात धरतो. गेम चकतीवर छापला जातो आणि लाखो घरांत जातो. त्यानंतर कारभाऱ्याने दहा मेगाबाइट परत मागितले तर नवे गेम जुळवून घेतील, पण छापून गेलेल्या चकत्यांचे काय? एखाद्या गर्दीच्या प्रसंगात, जेथे सारी जागा लागते तेथेच, जुना गेम कोसळेल, आणि ज्याने तो पैसे देऊन घेतला त्याचा त्यात काही अपराध नसेल.

वाटणीचा एक नियम यातून निघतो. कारभाऱ्याने राखलेली जागा पुढे खेळास देता येते, पण खेळास दिलेली जागा कारभाऱ्याकडे परत येत नाही. हा रस्ता एकाच दिशेने जातो. आपल्याकडे भावाभावांत घराची वाटणी होते तेव्हा खोल्या वाटतात, भांडी वाटतात, पण आड सामाईक ठेवतात. आड एकाच्या वाट्यास गेला की पुढे पाण्याच्या घागरीसाठी मिनतवारी करावी लागते हे जुन्या माणसांना ठाऊक असे. सोनीने, गेमकर्त्यांच्या प्रेमापोटी का होईना, आडाच्या कडेची जागा देऊन टाकली होती.

निन्टेन्डोच्या हातातील ३डीएस या २०११ सालच्या यंत्राने मधला मार्ग काढून पाहिला. त्याच्या १२८ मेगाबाइटांपैकी साधारण गेमला ६४, म्हणजे निम्मीच, जागा मिळे. परंतु २०१४ च्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स' सारख्या भुकेल्या गेमला अधिक हवी होती. तेव्हा तो गेम चालू असेतोवर इंटरनेट पाहण्याची सोय बंद ठेवीत, आणि गेममधून बाहेर पडताना सारे यंत्र पुन्हा सुरू होई. पाहुणा मोठा म्हणून कारभाऱ्यास घराबाहेर काढावयाचे, आणि पाहुणा गेला की दार उघडून परत बोलवावयाचे! उपाय चालला, पण तो किती अवघडलेला होता हे यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत थांबणाऱ्या प्रत्येक मुलाने अनुभविले.

लंबक दुसऱ्या टोकास

पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पुढील पिढीच्या यंत्रांत कारभाऱ्याचा वाटा एकदम फुगला. नोव्हेंबर २०१२ च्या निन्टेन्डो वी यू यंत्रात २ गिगाबाइटांपैकी १ गेमला आणि १ कारभाऱ्याला, अशी सरळ निम्मी वाटणी झाली. नोव्हेंबर २०१३ च्या एक्सबॉक्स वनमध्ये ८ पैकी ३ गिगाबाइट राखीव राहिले. तेथे तर गेमसाठी एक प्रणाली, इतर कामांसाठी दुसरी, आणि दोहोंवर देखरेख करणारी तिसरी, अशी तीन खणांची मांडणी होती. त्याच महिन्यात आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्येही ८ पैकी ५ गिगाबाइटांच्या आसपासच गेमच्या वाट्यास आले. वेगळे गेम खेळता खेळता एकत्र बोलण्याची सोय मात्र त्यावर पहिल्या दिवसापासून होती.

या उधळपट्टीवर टीका झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. गिऱ्हाईक आठांचे पैसे देतो, मग खेळास पाचच का? राखलेली जागा रिकामी पडली असेल, तर तेवढे अरण्य कमी दाट दिसते, तेवढे नगर कमी गजबजलेले दिसते. शिवाय राखीव जागा म्हणजे तत्परता नव्हे. वी यू ने निम्मे घर राखूनही त्याची मुख्य यादी उघडण्यास आरंभी इतका वेळ लागे की २०१३ च्या वसंतात कंपनीस ती सुधारावी लागली. मोठी कोठी बांधली म्हणून कारभारी चपळ होत नाही.

पण पुढे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. नियमाप्रमाणे जागा एकाच दिशेने सरकू लागली. नोव्हेंबर २०१६ च्या प्लेस्टेशन ४ प्रोमध्ये सोनीने १ गिगाबाइट मंदगती, स्वस्त स्मृती जादा बसविली. गेम चालू असता निजून राहणारी इतर कामे तिच्यात हलविली, आणि त्यायोगे मोकळे झालेले ५१२ मेगाबाइट गेमना दिले. २०१७ च्या एक्सबॉक्स वन एक्समध्ये एकूण स्मृती १२ गिगाबाइट झाली, पण कारभाऱ्याचे ३ ते ३ च राहिले आणि गेमना ९ मिळाले. नोव्हेंबर २०२० च्या एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १६ पैकी अडीचच गिगाबाइट कारभाऱ्याकडे आहेत, आणि तेही मंदगती भागातले. त्याच्या धाकट्या भावंडास, म्हणजे १० गिगाबाइटांच्या सिरीज एस यंत्रास, जागेची चणचण होती. २०२२ साली मायक्रोसॉफ्टने त्यातील काहीशे मेगाबाइट गेमकर्त्यांसाठी मोकळे केले. आधी हात राखला होता म्हणून पुढे हात सैल सोडता आला. उलट क्रमाने हे घडले नसते.

जून २०२५ मध्ये निन्टेन्डोचे स्विच २ आले. त्याच्या १२ गिगाबाइटांपैकी ९ गेमला आणि ३ कारभाऱ्यास, अशी वाटणी आहे. या ३ गिगाबाइटांच्या बळावर जी नवी सोय पुढे मांडण्यात आली, ती कोणती? खेळता खेळता मित्रांशी बोलण्याची! एका बटणासरशी बारा जणांपर्यंत बैठक जमते. जी गोष्ट प्लेस्टेशन ३ ला अखेरपर्यंत जमली नाही, तिच्यासाठी एका कंपनीने पाव घर बाजूस काढले.

या हकीकतीत कोणी खलपुरुष नाही. गेमकर्ता जागा मागतो ती आपली कृती अधिक सुंदर व्हावी म्हणून. त्याची मागणी आजची असते, स्पष्ट असते, आणि ती मांडावयास तो स्वतः बैठकीत हजर असतो. कारभाऱ्याच्या वाट्याची बाजू मांडणारे तेथे कोणी नसते, कारण त्या जागेची गरज ज्यांना पुढे भासणार ते खेळाडू अजून ग्राहकही झालेले नसतात, आणि आपणांस काय हवे होणार आहे हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नसते. २००६ साली प्लेस्टेशन ३ विकत घेणाऱ्या मुलाने वेगळा गेम खेळणाऱ्या मित्राशी बोलण्याची सोय मागितली नव्हती. २०११ साली तो मागू लागला तेव्हा वाटणी कधीच होऊन गेली होती.

नगरपालिकेने मैदान राखावे की त्यावर गाळे काढावेत, संस्थेने शिल्लक ठेवावी की यंदाच वाटून टाकावी, असे प्रश्न या मांडवात वेगळ्या व्याख्यानांतून येतच असतात. त्यांची उत्तरे गेमच्या यंत्रात सापडतील असे आमचे म्हणणे नाही. सारेच राखून ठेवणे किती महाग पडते हे वी यू ने दाखविलेच आहे. एवढे मात्र या इतिहासावरून म्हणता येईल की वाटणीच्या वेळी वाटा लहान की मोठा हा प्रश्न विचारण्याआधी, यातले चुकले तर काय परत घेता येईल, हा प्रश्न विचारला पाहिजे. जे परत घेता येणार नाही, ते देताना हात थोडा आखडता घेतलेला बरा. हा विचार श्रोत्यांपुढे ठेवून आम्ही त्यांची रजा घेतो.